रक्ताच्या एका नमुन्यात सगळे कॅन्सर कळतात का? तासगावच्या दादांना सविस्तर उत्तर

तासगाव तालुक्यातल्या एका दादांनी विचारलंय. स्वतःचं वय ३८, घरची द्राक्षबाग. आई ६१ वर्षांची, लहानपणापासून मशेरी लावते. वडील ६६, बिडी दहा वर्षांपूर्वी सुटली, पण तंबाखू-चुना चालू आहे. बायको ३५, मुलगी ११. चुलत आजी 'पिशवीच्या कॅन्सर'नं गेली. आता एका लॅबनं घरातल्या चार मोठ्या माणसांसाठी सवलतीत कॅन्सर पॅकेज आणलंय. रक्त द्यायचं, सगळे कॅन्सर कळतात असं सांगतात. घ्यावं का? आणि प्रश्नाच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आहे: आईच्या खालच्या ओठाच्या आत वर्षभर पांढरट झालंय, पण दुखत नाही म्हणून ती दाखवायला तयार नाही.

दादा, तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. पॅकेजचं पुढं बोलू. आईला याच आठवड्यात दाखवा.

कारण इथं दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात. काहीच त्रास नसलेल्या माणसाला ठराविक वयात तपासणं ही चाळणी. धान्य चाळल्यासारखं, बहुतेक खाली पडतं, थोडं वर राहतं, ते नीट निवडायचं. पण जिथं चट्टा दिसतोय, गाठ लागतेय, रक्त जातंय, तिथं चाळणीचं काम संपलेलं असतं. तिथं निदान लागतं. आईच्या ओठाला रक्ताच्या कुठल्याही तपासणीनं उत्तर मिळणार नाही. उलट धोका असा की अहवाल 'नॉर्मल' येईल आणि आई म्हणेल, बघा, मला काही नाही.

आता तो चट्टा. मशेरी बोटानं दातांवर घासली की ती खालच्या ओठाच्या आत आणि हिरडीच्या खोबणीत साठते. तंबाखूची चिमूट ठेवणाऱ्यांचंही तेच, जिथं चिमूट तिथं चट्टा. घरी बघायचं असेल तर असं बघा. कवळी असेल तर काढायला सांगा, चूळ भरायला लावा. दारात उजेडाकडं तोंड करून बसवा, हातात बॅटरी घ्या. ओठ दोन बोटांनी उलटा करा. मग चमच्याच्या दांड्यानं एकेक गाल बाजूला ओढून मागच्या दाढेपर्यंत बघा. जीभ स्वच्छ कापडात धरून आधी उजवीकडं, मग डावीकडं ओढा. जिभेच्या कडा मागपर्यंत बघणं फार लोक विसरतात, आणि तिथंच बरंच काही लपलेलं असतं. जीभ टाळूला लावून खालचा भाग बघा. शेवटी जबड्याखालून गळपट्टीच्या हाडापर्यंत मानेवर हात फिरवा.

पांढरा चट्टा कापडानं पुसला जातो का बघा. पुसला गेला तर बुरशी किंवा अन्नाचा थर असू शकतो. पुसला जात नसेल तर डॉक्टरांनी बघायलाच हवा. मखमलीसारखा लालभडक चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा, पण तो कमी उठून दिसतो म्हणून लोक त्याला साधी आग समजतात. पांढऱ्यात लाल मिसळलेलं, खरखरीत, किंवा बोटाला कडक लागणारं काही असेल तर थांबू नका. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, कारण नसताना हलायला लागलेला दात, दात काढल्यावर न भरणारी जखम, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, मानेतली न दुखणारी गाठ, यातलं काहीही असलं तरी तेच.

न दुखणं हे सुरक्षित असल्याचं लक्षण नाही, हे आईला समजावणं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखायला लागतो तेव्हा तो खोल गेलेला असतो.

इथं नेमकी चूक कुठं होते? व्रणावर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचं जेल, ते संपलं की दुसरं, असे दोन-तीन महिने निघून जातात. किंवा हलणारा दात काढून टाकला जातो आणि त्याच्या मुळाशी काय होतं ते कुणी बघत नाही. टोकदार दात गालाला लागून व्रण झाला असेल तर दात घासून गुळगुळीत करून घ्यावा, हे बरोबर. पण त्यानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा बघणं हा त्याच उपचाराचा भाग आहे. व्रण तसाच असेल तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरतो ही भीती आपल्याकडं घट्ट बसलीय, ती चुकीची आहे. जागा बधिर करून डाळीएवढा तुकडा घेतात, आणि उपचाराचं सगळं गणित त्या अहवालावर ठरतं.

तुमच्यासाठीही एक तपासणी. तुम्ही मावा खात असाल, प्रश्नात लिहिलेलं नाही म्हणून विचारतो, तर स्वतःची तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तीन बोटं उभी एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील, किंवा पूर्वी ठेचा खाणाऱ्याला आता साध्या कालवणाचं तिखटही झोंबत असेल, तर सुपारीनं तोंडाची आतली कातडी आवळायला लागलीय. यात तंबाखूचीच गरज नाही. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच नोंदवलीय. ही आवळलेली कातडी पूर्ववत होणं कठीण असतं. म्हणून सुरुवातीलाच मावा थांबवायचा आणि दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायचं.

आता पॅकेज. त्यात बहुधा सीए-१२५, सीईए, सीए १९-९, एएफपी आणि पुरुषांसाठी पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीचं) असतं. हे सगळे रक्तातल्या काही पदार्थांचे आकडे. पीएसए सोडलं तर ते निरोगी माणसाच्या चाळणीसाठी नाहीत. कॅन्सर ठरलेल्या माणसात उपचार लागू पडतायत का, तो परत येतोय का, हे बघायला त्यांचा उपयोग. सीए-१२५ पाळीच्या दिवसांत, पिशवीच्या गाठींनी, पोटाच्या टीबीनं वाढतं. सीईए बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत वाढलेलं असतं. सीए १९-९ पित्ताच्या खड्यानं, काविळीनं वाढतं. शिवाय यातले कित्येक आकडे सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये अगदी व्यवस्थित असतात.

हिशेब मांडून बघा. समजा एक हजार निरोगी माणसं तपासली आणि त्यात एकालाच आजार आहे. तपासणी शंभरातल्या पाच जणांबाबत चुकते असं धरू, म्हणजे तशी बरीच चांगली तपासणी. तरी पन्नास जणांना विनाकारण 'पॉझिटिव्ह' येणार. त्या पन्नास घरांत झोप उडते, सीटी होतो, कधी पेट-सीटी होतो, दुर्बिणी होतात, आणि शेवटी 'काही नाही' निघतं. रक्ताच्या थेंबातून अनेक कॅन्सर ओळखणाऱ्या नव्या तपासण्यांवर जगभर काम चाललंय, पण त्यांनी माणसं वाचतात हे अजून सिद्ध झालेलं नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, पॅकेज घेऊ नका.

त्याऐवजी तीन तपासण्या. सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या सगळ्यांसाठी तोंड आणि बायकांसाठी त्याशिवाय स्तन आणि गर्भाशयाचं मुख हेच तीन कॅन्सर धरलेत. आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरते, ज्यात तंबाखू, दारू, कंबरेचा घेर विचारते, तो याचीच पहिली पायरी. 'काही नाही ताई' म्हणून तो उरकू नका. मशेरीसुद्धा तंबाखूच आहे, तिथं 'हो' लिहायचं असतं.

वहिनींचं आधी सांगतो, कारण चुलत आजींचा 'पिशवीचा कॅन्सर' बहुधा गर्भाशयाच्या मुखाचा असावा. आपल्याकडं जुन्या माणसांच्या बोलण्यात गर्भाशयाचा असो की त्याच्या मुखाचा, दोन्हीला पिशवीचाच म्हणतात. मुखाचा असेल तर तो रक्ताच्या नात्यातून येण्यापेक्षा एचपीव्ही नावाच्या विषाणूनं होतो. बहुतेकांच्या अंगातून हा विषाणू आपोआप जातो. काही जणींत तो टिकून राहतो आणि त्या पेशी बदलून कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढा मोठा अवधी फार थोड्या कॅन्सरमध्ये मिळतो.

सरकारी दवाखान्यात त्यासाठी व्हीआयए करतात. पाळीचे दिवस सोडून जायचं, आधीच्या दोन दिवसांत आत औषध ठेवायचं नाही. टेबलावर झोपवून उपकरणानं गर्भाशयाचं मुख दिसेल असं करतात, त्यावर कापसानं ३ ते ५ टक्क्यांचं सौम्य अॅसिटिक आम्ल लावतात, म्हणजे व्हिनेगरसारखंच, आणि एक मिनिट थांबतात. बदललेल्या पेशी पांढऱ्या पडतात. घाईत अर्ध्या मिनिटात बघितलं तर सौम्य बदल निसटतो, म्हणून तो पूर्ण मिनिट महत्त्वाचा. थोडी चुणचुण होते, एवढंच. सगळं दहा मिनिटांत होतं.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, हे वहिनींना आधीच सांगून ठेवा. बऱ्याचदा सूज असते किंवा सुरुवातीचे बदल असतात. मग भिंगाच्या उपकरणानं बघतात, लागला तर तुकडा घेतात, आणि बदल लहान, पूर्ण दिसणारा असेल तर गरम किंवा गार उपकरणानं तो तिथल्या तिथं जाळून किंवा गोठवून टाकतात. पिशवी काढायची गरज नसते.

एचपीव्हीची तपासणी, म्हणजे मुखाजवळचा नमुना घेऊन त्यात हा विषाणू शोधणं, परवडत असेल तर ती जास्त भरवशाची. याचा मोठा पुरावा आपल्या मराठवाड्यातच तयार झाला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे एक लाख ३१ हजार बायकांवर बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीनं अभ्यास झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ज्यांची तपासणी निगेटिव्ह होती त्यांच्यात आठ वर्षांत या कॅन्सरनं एकही मृत्यू झाला नाही. एकदाच केलेल्या व्हीआयएनं मात्र तेवढा फरक पडला नाही. टाटा रुग्णालयानं मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, चार वेळा व्हीआयए केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. यातून मी घेतलेला धडा असा की व्हीआयए एकदा करून समाधान मानू नये. सरकारी वेळापत्रक पाच वर्षांचं आहे, जमलं तर तीन वर्षांनी करावी. एचपीव्ही निगेटिव्ह असेल तर पाच वर्षं निवांत.

आईंना ६१ व्या वर्षी व्हीआयए नको. पाळी गेल्यावर बदलणारा भाग मुखाच्या आत सरकतो, बाहेरून दिसत नाही. त्यांची आजवर कधीच तपासणी झाली नसेल तर एचपीव्ही किंवा पॅप (मुखावरच्या पेशी हलक्या खरवडून तपासणं) करून घ्या. आणि पाळी गेल्यानंतर अंगावरून एक थेंब जरी लाल गेलं तरी ती चाळणी नाही, लगेच तपासायचं लक्षण आहे.

पिशवी काढण्याबद्दल मला पोटतिडकीनं सांगायचंय. अंगावरून पांढरं जातंय, उद्या कॅन्सर होईल, म्हणून पस्तिशी-चाळिशीत पिशवी काढून टाकलेल्या बायका आपल्या भागात गावोगावी आहेत. पांढरं जाणं म्हणजे बहुधा जंतुसंसर्ग. मुखाची तपासणी न करता पिशवी काढली आणि मागाहून त्यात कॅन्सर निघाला, तर पुढचे उपचार अवघड होतात, कारण त्या कॅन्सरची शस्त्रक्रिया वेगळी, मोठी असते. म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितली तर पहिला प्रश्न विचारा: मुखाची तपासणी झाली का, कागद कुठाय?

मुलगी अकरा वर्षांची आहे, म्हणजे एचपीव्हीच्या लशीचं अगदी योग्य वय. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. जागतिक आरोग्य संघटना आता एका डोसलाही मान्यता देते. पुण्याच्या सीरम संस्थेची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ च्या सुरुवातीला बाजारात आली. ज्या १६ आणि १८ क्रमांकाच्या विषाणूंमुळं सुमारे ७० टक्के मुखाचे कॅन्सर होतात, त्यांच्यापासून ती वाचवते. उरलेल्यांसाठी मोठेपणी चाळणी करावी लागेलच. चार जणांच्या पॅकेजचे पैसे वाचतील ते इथं लावा.

स्तनांचं. वहिनींना ३५ व्या वर्षी मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेची, गरज नाही. या वयात स्तन घट्ट असतो, फिल्मवर सगळंच पांढरं दिसतं. प्रशिक्षित हातांनी वर्षातून एकदा तपासणी आणि स्वतःच्या शरीराची ओळख पुरे. पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी, आंघोळीच्या वेळी, तीन बोटांच्या सपाट भागानं छातीवर दाबून गोलाकार फिरायचं, काखेपर्यंत. चिमटीत धरून बघू नये, चिमटीत सगळंच गाठीसारखं लागतं. आरशात बघायचं: बोंडी नव्यानं आत गेलीय का, कातडीला खळी पडतेय का, संत्र्याच्या सालीसारखी झालीय का, बोंडीतून रक्ताळ पाणी येतंय का. आईंची मात्र दोन वर्षांतून एकदा मॅमोग्राफी करावी, त्या दिवशी काखेत पावडर लावू नये. यंत्र नसेल तर हातांच्या तपासणीला कमी लेखू नका. टाटाच्या मुंबईतल्या वीस वर्षांच्या अभ्यासात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, नुसत्या हातांनी दर दोन वर्षांनी तपासल्यावर पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही.

गाठ लागलीच तर क्रम असा: हातांनी तपासणी, वयाप्रमाणं सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, मग जाड सुईनं तुकडा. गाठ आधी कापून टाकायची आणि मग बघायचं, हा उलटा क्रम टाळा. कॅन्सर असेल तर दुसरी शस्त्रक्रिया लागते आणि स्तन वाचवण्याची संधीही जाऊ शकते.

वडिलांचं थोडक्यात. तोंड तपासा, ते पहिलं. बिडी किती वर्षं आणि रोज किती, यावर फुफ्फुसाच्या कमी किरणांच्या सीटीचा विचार ठरतो. परदेशी नियम ५० ते ८० वयासाठी, वीस वर्षं रोज एक पाकीट सिगारेट ओढलेल्यांसाठी, आणि सोडून पंधरा वर्षं झाली नसतील तर, असा आहे. पण आपल्याकडं जुन्या टीबीचे डाग सीटीत गाठींसारखे दिसतात, म्हणून छातीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. छातीचा साधा एक्स-रे चाळणीला उपयोगाचा नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकीची टीबी तपासणी. पीएसए त्रास नसताना सरसकट नको, फायदे-तोटे समजून घेऊन करायची ती तपासणी आहे. शौचातून रक्त जात असेल तर 'मूळव्याध आहे' म्हणून स्वतःच ठरवू नका. आणि या वयाच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन लोह कमी असल्यानं उतरलं असेल, तर गोळ्या देऊन सोडून न देता आतडं बघायला हवं.

फवारणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बागाईतदार सगळेच विचारतात. धोका खोटा नाही, काही कीटकनाशकं कॅन्सरकारक ठरलेली आहेत. हातमोजे, मास्क, अंग झाकणारे कपडे, संध्याकाळी साबणानं आंघोळ. पण फवारलेल्या हातानं तंबाखू मळून तोंडात टाकणं हे दोन्ही विषं एकत्र घेणं आहे, आणि त्यात तंबाखूचं पारडं फार जड आहे. हळदीचंही एक. सांगलीची हळद जेवणात हवीच, पण चट्ट्यावर हळद लावत महिनोन् महिने थांबणं हा उपचार नाही.

आता कुठं जायचं. आधी उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, कोणत्या दिवशी तपासणी असते ते आशाताईला विचारून. तिथून पुढं सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. कॅन्सरच ठरला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होतात, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. शिबिरात 'पुढं दाखवा' असं तोंडी सांगितलं की अर्धी माणसं तिथंच निसटतात. म्हणून चिठ्ठी लेखी घ्या: काय दिसलं, कुठं जायचं, किती दिवसांत. तुकड्याचा अहवाल आणायला कोण जाणार ते त्याच दिवशी घरात ठरवा.

आईंच्या तुकड्याच्या अहवालात 'डिस्प्लेझिया (पेशींतला कॅन्सरआधीचा बदल) नाही' असं आलं तरी मशेरी बंद करून दर सहा महिन्यांनी दाखवायचं. सौम्य असेल तर जास्त जवळून लक्ष, मध्यम किंवा तीव्र असेल तर चट्टा बहुधा काढून टाकतात. मशेरी सोडताना त्या म्हणतील, तिच्याशिवाय परसाकडला साफ होत नाही. ते खरंय, निकोटिननं आतडं हलतं, सवय मोडली की काही दिवस बद्धकोष्ठता होते. सकाळी उठल्या उठल्या कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, लागलं तर डॉक्टरांना विचारून पोट साफ होण्याचं औषध. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोकेदुखी सगळ्यात जास्त, पुढं दोन-चार आठवड्यांत ओसरते. त्या दिवसांत दात घासायला साधी पेस्ट द्या, घरातली मशेरीची डबी आणि भाजायचा तवा दोन्ही बाहेर काढा, आणि वडिलांनी तंबाखू त्यांच्यासमोर मळू नये. मदतीला १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्याचा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे.

जाण्याआधी आजच दुपारच्या उजेडात चट्ट्याचा मोबाईलवर फोटो काढा, शेजारी फूटपट्टी धरून. डॉक्टरांना तोच दाखवा, आणि मशेरी सुटल्यावर दर महिन्याला त्याच जागेवर, त्याच उजेडात दुसरा काढत जा.